घरात मासा शिजत नाही, गावाला समुद्र नाही. मुलीने फिशरीज करावं का?

पत्र (थोडं कमी करून): "सर, आम्ही निपाणीजवळच्या खेड्यातले. ऊस आहे, थोडा तंबाखू. थोरली मुलगी सेकंड पीयूसी (बारावी) सायन्सला आहे, पीसीएमबी. मार्क बरे आहेत, पण मेडिकलला लागेल इतके नाहीत आणि इंजिनिअरिंग तिला नको. तिला बी.एफ.एस्सी. (मत्स्यशास्त्राची पदवी) करायचं आहे, मंगळूरला नाहीतर रत्नागिरीला. आमचं घर माळकरी, मी स्वतः वारी करतो. पाहुणे हसतात. त्यात पेपरात वाचलं की अमेरिकेने कर वाढवला आणि आंध्रातले कोळंबीवाले अडचणीत आले. दुसरीकडे एक एजंट सांगतो, मरीनचा सहा महिन्यांचा कोर्स करा, परदेशात नोकरी पक्की. पैसे लाखांत मागतो. काय करावं?"

भाऊ, रामकृष्ण हरी.

एजंटाचं आधी उरकू, कारण तिथे पैसे अडकायची भीती आहे. तो विकतोय ते जहाजावरच्या कामाचं सर्टिफिकेट असावं. त्याचा मासळी प्रक्रियेशी किंवा मत्स्यशास्त्राशी काही संबंध नाही. जहाजावरच्या कोर्सला नौवहन महासंचालनालयाची (डीजी शिपिंग) मान्यता लागते आणि खलाशी भरती करणाऱ्या एजंटाकडे त्याच खात्याचं लायसन्स असावं लागतं. दोन्ही नंबर लेखी मागा आणि खात्याच्या यादीत स्वतः पडताळा. तो टाळाटाळ करू लागला की चहा पाजून वाटेला लावा.

आता तुमची खरी धास्ती. पेपरात आलं ते खोटं नाही. २०२४-२५ मध्ये भारतातून सुमारे १७ लाख टन मासळी आणि मासळीचे पदार्थ बाहेर गेले, किंमत ६२ हजार कोटी रुपयांच्या वर. यातली दोन तृतीयांशाहून जास्त कमाई एकट्या गोठवलेल्या कोळंबीची, आणि कोळंबीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिने भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. कोळंबीवर डम्पिंगविरोधी (पडत्या भावात माल ओतल्याबद्दलचं) शुल्क आणि सबसिडीच्या कारणावरून लावलेलं शुल्क आधीपासून होतंच, सगळं मिळून बोजा तेव्हा ५८ टक्क्यांच्या आसपास गेला होता. त्याच वेळी इक्वेडोरच्या मालावर १५ टक्के. इक्वेडोर हा आज जगातला सर्वांत मोठा कोळंबी निर्यातदार, आणि तिथून अमेरिकेला जहाजाचा प्रवासही आपल्यापेक्षा कितीतरी कमी. मग आंध्रात भीमावरम-नेल्लूरकडच्या कोळंबीच्या तळ्यांवर काय झालं असेल, ते निपाणीच्या माणसाला समजावून सांगायला नको. पिकवणारे हजारो आणि भाव ठरवणारे मूठभर, अशी गाठ पडली की काय होतं हे १९८१ च्या तंबाखू आंदोलनात शरद जोशींबरोबर हायवेवर बसलेल्या पिढीला चांगलं ठाऊक आहे. तुमच्या घरातलंही कोणी त्यात असेल.

पण भाऊ, तुमची मुलगी कोळंबी विकायला निघालेली नाही. तिला त्या धंद्यात शिकलेल्या माणसाचं काम करायचंय, आणि त्या कामाचं गणित वेगळं आहे. अमेरिकेचं दार अर्धं लागलं तेव्हा निर्यातदार दुसरी दारं ठोठावायला लागले. ब्रिटनबरोबर २०२५ च्या जुलैत व्यापार करार झाला. सप्टेंबरमध्ये युरोपीय संघाने आपल्या आणखी १०२ मासळी कारखान्यांना माल पाठवायची परवानगी दिली. आता प्रत्येक नव्या बाजाराची तपासणी निराळी, कागद निराळे, लेबल निराळं. बाजार हलला म्हणून कारखान्यातला तपासणारा माणूस कमी होत नाही, उलट त्याचं काम वाढतं. कारखानाच बंद पडला तर नोकरी जाते, हे खरंच आहे. मात्र तपासणीचं काम येणारा माणूस दुसऱ्या कारखान्यात, दूध संघात, पोल्ट्रीत किंवा औषध कंपनीच्या लॅबमध्येही जाऊ शकतो. तळ्यात पैसे घातलेल्या शेतकऱ्याला अशी सोय नसते.

ही तपासणी म्हणजे नेमकं काय, हे जरा सविस्तर सांगतो, कारण पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे टोपली आणि कोयताच येत असणार. युरोपात भारतातून जी तळ्यातली कोळंबी जाते, तिच्या निम्म्या खेपा २०१६ पासून बंदरावर उघडून तपासल्या जातात. त्याआधी दहातली एक तपासत. कारण अँटिबायोटिक. तळ्यात रोग आला की घाबरलेला माणूस दुकानदार देईल ते औषध पाण्यात ओततो. त्यात क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरान निघालं, तर अब्जावा भाग सापडला तरी अख्खा कंटेनर परत येऊ शकतो. हे एवढंसं शोधणारं यंत्र असतं, एलसी-एमएस म्हणतात. ते चालवणारी आणि आलेख वाचून 'हा माल जाऊ द्या' किंवा 'थांबवा' म्हणणारी व्यक्ती ही कारखान्यातली सर्वांत नावडती आणि सर्वांत गरजेची असते. मालकाला जहाज चुकवायचं नसतं आणि हिला सही करायची नसते. तुमची मुलगी मालकासमोर 'नाही' म्हणू शकेल का, हा प्रश्न मला तिच्या मार्कांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

दुसरं उदाहरण २०२५ च्या ऑगस्टमधलंच. इंडोनेशियातून अमेरिकेच्या बंदरांवर पोचलेल्या गोठवलेल्या कोळंबीच्या कंटेनरांत सीझियम-१३७ हा किरणोत्सारी पदार्थ आढळला, आणि मोठ्या दुकानसाखळ्यांनी विकलेल्या पिशव्या परत मागवाव्या लागल्या. कोळंबीच्या कारखान्यात असलं काही तपासायला लागेल, असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मग कागद. मासा कोणत्या बोटीने, कोणत्या पाण्यात, कोणत्या जाळ्याने पकडला याचा दाखला युरोप २०१० पासून मागतो, आणि २०२६ च्या जानेवारीपासून हे सगळं संगणकावर भरणं तिथल्या आयातदारांना बंधनकारक झालं. अमेरिका तर भारतीय समुद्रात जाळ्याने पकडलेली कोळंबी कित्येक वर्षं घेतच नाही, कारण आपल्या ट्रॉल जाळ्यात (बोटीमागून ओढायच्या) कासव अडकलं तर त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांना बसेल अशी वाट देणारी चौकट तयार केली आहे. ती बोटीबोटीवर बसवून घेणं हे आता माणसांना पटवण्याचं काम आहे, यंत्राचं नाही. २०२४ पासून आणखी एक विषय आला: कोळंबी सोलणाऱ्या बायकांना मजुरी किती मिळते, राहायला कुठे ठेवतात, यावर अमेरिकेत अहवाल छापून आले आणि खरेदीदार आता तेही विचारतात. विचारलंच पाहिजे, असं माझं मत. सोलणीच्या शेडमध्ये पहाटेपासून बर्फात हात घालून उभ्या असणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, आणि काचेमागच्या लॅबमध्ये बसणारी मुलगी त्यांच्या जिवावर बसलेली असते, हे तिला पहिल्या दिवशी कळलेलं बरं.

"गावाला समुद्र नाही" हे तुमच्या पत्रात दोनदा आलंय. जगाचा हिशोब बघा. २०२२ मध्ये जगात मासे, कोळंबी, शिंपले असं जलचरांचं उत्पादन १८ कोटी ५४ लाख टन झालं आणि त्यातलं ५१ टक्के पाळलेलं होतं. पकडलेल्या मासळीपेक्षा पाळलेली जास्त, असं इतिहासात पहिल्यांदा झालं. आपल्या देशात २०२२-२३ साली पावणेदोन कोटी टनांवर मासळी निघाली, त्यातली सुमारे १ कोटी ३१ लाख टन नद्या, तळी, धरणं यांतून. म्हणजे चारातले तीन मासे समुद्र न बघताच मोठे झाले. तुमच्याकडे दूधगंगा, वेदगंगा आहेत, पुढे हिडकल धरण आहे. मंगळूरच्या वर्गात किनाऱ्यावरची मुलं असतीलच. पण पाण्यातला ऑक्सिजन, सामू, खाद्य, रोग हे विषय शेतकऱ्याच्या मुलीला अवघड जाणार नाहीत.

इथे जरा विषयांतर. अथणी-रायबागकडे कृष्णेचं पाणी पाजून पाजून जमीन क्षारपड झालीय, तशीच पलीकडे शिरोळलाही. हरियाणात अशाच खारवट भूजलावर व्हॅनामी जातीची कोळंबी घेतात. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचं रोहतकजवळच्या लाहलीला त्यासाठी केंद्र आहे. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात समुद्राच्या मानाने पोटॅश कमी असतं, ते घालावं लागतं, नाहीतर कोळंबी मरते. व्हॅनामी परदेशी जात आहे, २००९ पासून परवानगीने आणली गेली. नव्वदच्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने किनाऱ्यावरची तळी साफ केली होती, म्हणून तिच्याभोवती नियमांचं कुंपण आहे. हे वाचून उद्या उसात जेसीबी घालू नका. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिला लाभार्थीला ६० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं, हे कोणीतरी तुम्हाला सांगेलच. अनुदानापायी खणलेली आणि दुसऱ्या वर्षी पालापाचोळा भरलेली तळी मी चिकोडी भागात पाहिली आहेत. मुलगी शिकून आली आणि ती म्हणाली, तर मग बघू.

आता घर माळकरी असल्याचं. हे मी हसण्यावारी नेणार नाही. चार वर्षांत तिला मासा कापावा लागेल, त्याचे अवयव ओळखावे लागतील, कल्ले उघडून वास घ्यावा लागेल, अंगठ्याने दाबून ताजा की शिळा ते सांगावं लागेल. यातून सूट मिळत नाही. खाण्याची सक्ती मात्र नाही, आणि पुढे विषय निवडताना रस्ते बदलता येतात: सूक्ष्मजीवशास्त्र, पाण्याची तपासणी, खाद्यनिर्मिती, शोभेचे मासे, थंडसाखळी. यात समुद्री शेवाळाकडे तिने नीट बघावं. जगात २०२२ साली ३ कोटी ७८ लाख टन शेवाळ निघालं, बहुतेक पिकवलेलं. त्यातून कॅराजीनन, अगार हे दाटपणा आणणारे पदार्थ काढतात. आइस्क्रीम, टूथपेस्ट, औषधाच्या कॅप्सूल, पिकावर फवारायची खतं यांत ते जातं. तामिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर बायका तराफ्यांवर त्याची शेती करतात. तुमच्या उसावर मारलेल्या एखाद्या टॉनिकच्या डब्यावर 'सीवीड' लिहिलेलं सापडेलही. तरीही तीन वर्षांनी 'हे मला जमत नाही, मनाला लागतं' असं ती म्हणणार असेल, तर तो प्रश्न आज घरात बसून बोला. पाहुण्यांना त्यात घेऊ नका.

आणि हो, प्रत्यक्ष दाखवा. फॉर्म भरण्याआधी तिला कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीला न्या. पहाटे मिरकरवाडा बंदरावर उभं राहा, लिलाव बघा, बर्फ बघा, वास घ्या. ३१ मेच्या आत जा, कारण १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते आणि बंदर रिकामं दिसेल. तिथेच शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१ सालचं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून बोलू द्या, तुम्ही जरा लांब थांबा. रत्नागिरीत सुरीमीचे कारखानेही आहेत. राणी माशासारख्या स्वस्त मासळीचा लगदा धुऊन, गोठवून तो जपान आणि इतर देशांना जातो, आणि त्यापासून खेकड्याच्या मांसासारख्या कांड्या बनवतात. एखादा कारखाना बघायला मिळाला तर सोनं. उणे अठराच्या गोदामात पाच मिनिटं उभं राहून, गमबूट आणि क्लोरीनच्या पाण्याचा अनुभव घेऊन जी मुलगी बाहेर येऊन प्रश्न विचारते, तिला पाठवावं. जी गप्प होते तिच्यासाठी फूड टेक्नॉलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजी आहे, आणि त्यात काही कमीपणा नाही.

प्रवेशाचं सांगतो. मंगळूरचं मत्स्य महाविद्यालय देशातलं पहिलं, १९६९ चं. आज ते बीदरच्या पशुवैद्यकीय, पशु आणि मत्स्यविज्ञान विद्यापीठात येतं. प्रवेश केसीईटीतून, म्हणजे कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेतून. कर्नाटकात सात वर्षं शिकल्याची अट तुमच्या मुलीला अडणार नाही, पण शाळेचे दाखले आत्ताच गोळा करा. निपाणीतली मुलं मधे दोन-तीन वर्षं कागल-कोल्हापूरला शिकलेली असतात आणि मग धावाधाव होते. शेतकरी कुटुंबासाठीच्या राखीव जागांची अट आणि कागद केईएच्या (ही परीक्षा घेणारं कर्नाटकचं प्राधिकरण) त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा. रत्नागिरीसाठी महाराष्ट्राची सीईटी. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्र सरकारच्या काही सवलती आहेत. तुमचं गाव त्या यादीत आहे का आणि या कोर्सला ती सवलत लागू आहे का, हे पुस्तिकेतून खात्री करून घ्या, गावातल्या पुढाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका. तिसरा दरवाजा सीयूईटीचा, म्हणजे देशपातळीवरच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा: भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या कोट्यातून देशभरच्या कृषी विद्यापीठांत २० टक्के जागा भरतात. तिन्ही परीक्षा द्याव्यात. मला विचाराल तर मंगळूर पहिलं, कारण पुढे कर्नाटकच्या मत्स्य खात्यात जायचं झालं तर तिथली ओळख आणि कन्नड दोन्ही कामाला येतील. मराठी घरातल्या मुलीने कन्नड चांगलं बोलावं यावर कोणाला राग यायचं कारण नाही.

नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. प्रक्रिया कारखान्यात सुरुवातीचा पगार तुमच्या अपेक्षेपेक्षा कमी असेल, आणि जागा किनाऱ्यावरच्या: मंगळूर, कोची, वेरावळ, विशाखापट्टणम, भीमावरम. शिफ्ट असते, हंगामात रात्र पाळी असते. मुलींच्या राहण्याची सोय आणि रात्रीची गाडी याबद्दल मुलाखतीतच विचारायचं, लाजायचं नाही. खाद्य कंपन्यांत तळ्यातळ्यावर मोटारसायकलने फिरायचं काम जास्त, तिथे मुली अजून थोड्याच दिसतात. दोन-चार वर्षं कारखान्यात घालवल्यावर मात्र वाट रुंद होते. निर्यात कारखान्याला मान्यताप्राप्त टेक्नॉलॉजिस्ट लागतोच. तळी आणि कारखाने तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना ऑडिटर लागतात, परदेशी खरेदीदारांना इथे आपला माणूस हवा असतो. अभ्यासात गोडी लागली तर वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत एम.एफ.एस्सी. आणि तिथून संशोधन. सरकारी नोकरी हवी असेल तर कर्नाटक लोकसेवा आयोग, पण ती जाहिरात कधी निघेल यावर चार वर्षं बसून राहू नये.

परदेशात शिकण्याचं तुम्ही लिहिलं नाही, पण पदवी झाली की विषय निघेल, म्हणून आत्ताच सांगतो. नॉर्वे हे सॅल्मन माशाच्या शेतीचं मोठं केंद्र, तिथल्या सरकारी विद्यापीठांत शिक्षण पूर्वी सगळ्यांना मोफत होतं. २०२३ पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लागते. त्यामुळे 'नॉर्वेला फुकट शिकवतात' असं सांगणाऱ्याची माहिती जुनी आहे. जायचंच तर आधी इथे दोन वर्षं काम, मग शिष्यवृत्ती शोधून. शेत गहाण ठेवून नाही. बी.एफ.एस्सी.साठी तर तशी वेळ यायलाच नको. सरकारी जागेची फी, हॉस्टेल आणि मेस यांचा चार वर्षांचा अंदाज कॉलेजमधून लेखी घ्या, त्यात तिच्या शाकाहारी मेसची चौकशीही होऊन जाईल.

रत्नागिरीहून परतल्यावर ती काय म्हणाली ते मला कळवा, शक्य झालं तर तिलाच लिहू द्या. नको म्हणाली तर फूड टेक्नॉलॉजीचं सविस्तर लिहितो; केसीईटीचा फॉर्म दोन्हीकडे चालतो, तेव्हा तोवर तो भरून ठेवायला हरकत नाही.